सुपारीएवढं शिसं

चहा नुकताच उकळलेला होता, स्टीलच्या पेल्यात होता, आणि माझ्या वडिलांनी तो पेला उजव्या हाताच्या मुठीत गच्च धरून ठेवला होता. मी ओट्यापाशी होते. वळून बघितलं आणि ओरडलेच, "बाबा, तो पेलो सोडा आधी!"

"कित्याक?" त्यांनी शांतपणे कारण विचारलं.

पेला मी हिसकावून घेतला तेव्हा त्यांची बोटं लालभडक झाली होती. दुसऱ्या दिवशी फोड आले. त्यांनी त्या फोडांकडे असं पाहिलं, जणू हात शेजारच्या कुणाचा तरी असावा. दुखतं का विचारलं तर म्हणाले, "नाय." एवढंच.

अर्धांगाचा झटका त्यांना गावी आला होता. आमचं गाव मालवणच्या बाजूला, खाडीच्या तोंडावर. आई आधीच गेलेली, मी एकुलती एक. नवऱ्याने इथे खटपट करून त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, लावला आणि मी त्यांना कुवेतला घेऊन आले, रिग्गईतल्या आमच्या फ्लॅटवर. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यामुळे तिची खोली रिकामीच होती. पाय हळूहळू सुधारला, काठी घेऊन चालायला लागले. उजव्या हातात थोडी पकडही आली. पण हाताची जाणीव गेली ती गेलीच. ऊन कळत नाही, थंड कळत नाही, काही टोचलं तरी कळत नाही.

आणि यांचं एकच पालुपद. सकाळी उठल्यावर, जेवताना, टीव्हीसमोर बसल्यावर, "माका घराक जावचा आसा."

एक दिवस माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "हाताक काय कळणा नाय आणि घराक जाऊन करतलात काय? चुलीत हात घालून बसतलात?"

नवरा मध्ये पडायला बघत होता. तो नाशिकचा, आमचं मालवणी त्याला अर्धंच कळतं, पण माझा आवाज पूर्ण कळतो. वडील मात्र चिडले नाहीत. म्हणाले, "हाताक कळाक लागला तर धाडतलंस?"

"धाडतलंय. मीच विमानात नेऊन बसवतलंय."

"शब्द फिरवूचो नाय हां."

"नाय फिरवूचंय."

असा आमचा करार झाला. खरं सांगायचं तर मी तो त्यांचं तोंड बंद करायला केला होता. आणि त्यांनी तो माझं तोंड बंद करायला स्वीकारला असणार. बापलेकीची खोड एकच.

फिजिओथेरपीला एक मल्याळी बाई घरी यायची. गोड बोलायची, पण सोडायची नाही. तिने सांगितलं होतं की जाणीव परत येऊ शकते, पण हाताला ती शिकवावी लागते. परातीत तांदूळ घ्यायचे, त्यात नाणं, बटण, काडी लपवायची आणि न बघता हाताने शोधायची. पहिल्या दिवशी वडिलांनी बिचारीसमोर तांदळात हात घातला. ती गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "माका काय बालवाडीत घातलंस?" त्यानंतर परात कितीही वेळा समोर ठेवली तरी ते खिडकीबाहेर बघत बसायचे. मी आरडाओरडा केला, रडून पाहिलं, शेवटी आठवडाभर अबोला धरला. उपयोग शून्य. ज्या माणसाने सगळा जन्म गरवण्यात घालवला, म्हणजे गळ टाकून मासे धरण्यात, तो तांदळात बटण शोधणार नाही हे मला आधीच कळायला हवं होतं. मग म्हटलं, ठीक आहे, तुमची तऱ्हा तर तुमची तऱ्हा. मीही तुमचीच मुलगी.

एका शुक्रवारी त्यांना समुद्रावर नेलं. नवऱ्याचं काम अहमदीकडे, त्यामुळे त्याला तिकडचा किनारा पाठ. फहाहीलच्या पुढे एक छोटा धक्का आहे, कठडा असलेला, तिथे फिलिपिनो आणि बंगाली लोक गळ टाकून बसलेले असतात. जाताना दुकानातून दोरी, गऱ्या म्हणजे गळाचे आकडे, आणि बांधायला तयार शिशाची वजनं घेतली. वडिलांनी वजनं तळहातावर घेतली, डाव्या, आणि तोंड वाकडं केलं. वजनांना हिरवा रंग फासलेला होता. कोळंबी लावली, डाव्या हाताने दोरी फेकली, आणि फेकलेली दोरी उजव्या हाताच्या बोटांवर घेतली. करार उजव्या हाताचा होता.

कुवेतच्या समुद्राला ओढ जबरदस्त. ओहोटी लागली की पाणी धावत सुटतं. ते वजन पाण्याने ओढलं, दोरी बोटांतून सरकली, आणि थोड्या वेळाने नवरा म्हणाला, "अगं, रक्त!" दोरीने दोन बोटं कापली होती आणि वडील समुद्राकडे बघत बसले होते. कळलंच नव्हतं. मी रुमाल बांधला. पलीकडच्या बंगाली माणसाने खूण करून दाखवलं की तुमच्या गरीला मासा लागून गेला, कोळंबी खाऊन गेला. तेही कळलं नव्हतं. ज्यांना नुसत्या झटक्यावरून सांगता यायचं की खाली खेकडा आहे का करकरा मासा, ते माझे वडील रिकाम्या गरीकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "समुद्र मेलो काय गो?"

मला तिथे बसवेना. उगाच धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेले आणि डोळे पुसून परत आले. परत आले तेव्हा माझं ठरलं होतं. यांचा समुद्र मी जिवंत करणार. मग पुढे त्याचं काय होईल ते होवो.

परतताना वाळूवर त्यांना समुद्रफेस सापडला. माकुळाचं, म्हणजे कटलफिशचं, ते पांढरं, होडीच्या आकाराचं, भुसभुशीत हाड. इथल्या किनाऱ्यावर ते ढिगाने पडलेलं असतं, कोणी ढुंकूनही बघत नाही. वडिलांनी वाकून, काठी सांभाळत, चार-पाच उचलले आणि माझ्या पिशवीत टाकले. "विकतचा शिसा नको," म्हणाले. "आपण ओतूया."

आमच्याकडे गावी ते स्वतःचं शिसं स्वतःच ओतायचे. दोन समुद्रफेस दगडावर घासून एक-एक बाजू सपाट करायची. मग ज्या आकाराचं वजन हवं त्या आकाराची एखादी टणक वस्तू दोघांच्या मध्ये ठेवून दाबायची. हाड इतकं मऊ असतं की वस्तूचा अर्धा साचा इकडे उमटतो, अर्धा तिकडे. वरून शिसं ओतायला एक घळ कोरायची, तांब्याच्या तारेचा फासा आत सोडायचा, दोन्ही अर्धुकं तारेने बांधायची की साचा तयार. साचा दोन-तीन ओतींत जळतो, मग नवा करायचा. लहानपणी मी हे नुसतं बघितलं होतं. जवळ गेलं की आई ओरडायची.

आता प्रश्न शिशाचा. तो माझ्याकडे कसला प्रश्न! मी शुवैखला एका टायरच्या गॅरेजमध्ये ऑफिस सांभाळते. चाक बॅलन्स करताना रिमला जी छोटी वजनं ठोकतात, ती जुनी काढलेली वजनं आमच्याकडे बादल्या भरून पडलेली असतात. आमच्या मुदीरला, म्हणजे मॅनेजरला, मी विचारलं. तो इजिप्शियन, वयस्क, सगळ्याच गोष्टींना आधी 'ला', म्हणजे नाही, म्हणणारा. मी वडिलांचं सांगितलं. त्याने हात छातीवर ठेवला आणि गॅरेजच्या मागच्या आवाराची किल्ली दिली. शुक्रवारी गॅरेज बंद असतं. फक्त एवढंच म्हणाला, की आग लागली तर मी तुला ओळखत नाही.

त्या हिवाळ्यात आमचे शुक्रवार त्या आवारात गेले. वाळवंटात पिकनिकला नेतो तीच गॅसची शेगडी, एक जुनी लोखंडी कढई आणि एक लांब दांड्याची पळी. कढई आणि पळी घरी परत न्यायची नाही, हे मी पहिल्या दिवशीच बजावून ठेवलं. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा, हातात जाड मोजे. वाऱ्याची दिशा बघून बसायचं, आणि काम संपल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय खिशातल्या सुपारीलासुद्धा शिवायचं नाही. शिशाचा धूर आणि कण पोटात जाणं म्हणजे विष. वडील म्हणाले, "आमी असा काय केला नाय, तरी जगलव." मी म्हटलं, "बाबा, मास्क." त्यांनी लावला.

ओतणारी मी, सांगणारे ते. आधी वजनं निवडायची. सगळी काही शिशाची नसतात. काही लोखंडाची असतात, काही जस्ताची, आणि तिन्ही एकाच राखाडी रंगाची. वडील प्रत्येक वजनावर नख ओढायचे. नख रुतून चकाकती रेघ उठली की शिसं. नाही उठली तर बाजूला. त्यातूनही एखादं चुकून आलंच, तर त्यावर उपाय म्हणजे बारीक आच. शिसं लवकर वितळतं. जस्ताला आणि लोखंडाला त्याहून पुष्कळ जास्त आग लागते. आच बारीक असली तर ते तसंच्या तसं वर तरंगतं, झाऱ्याने काढून टाकता येतं. म्हणून त्यांचा एकच धोशा, "आग बारीक ठेव. घाय करू नको."

घाई न करणं हे माझ्या रक्तात नाही. पण शिकले. शिसं पातळ झालं की मेणबत्तीचा तुकडा टाकायचा, सुक्या लाकडाने ढवळायचं, म्हणजे मळ वर येतो. तो काढला की खाली आरशासारखं लखलखीत शिसं दिसतं. पाण्याची बाटली जवळ ठेवायची नाही. ओला साचा तर नाहीच नाही. पाण्याचा थेंब गेला की शिसं फटाक्यासारखं उडतं, म्हणून मी कपाळाला फडकं बांधायचे, घाम ठिबकू नये म्हणून. नवरा एकदा न्यायला आला आणि मला त्या अवतारात बघून म्हणाला, "तू दरोडा घालायला निघालीयस का?" वडील इतके हसले की काठी पडली. झटका आल्यापासून त्यांचं ते पहिलं हसणं.

वजनं किती मोठी करायची, यावर वडिलांनी खूप विचार केला होता. उजव्या हाताला एकदम भार झेपणार नव्हता, हे त्या रक्ताने दाखवलंच होतं. तर चढत जायचं. स्वयंपाकघरात त्यांनी माझे डबे उघडले आणि साच्यासाठी वस्तू निवडल्या. सगळ्यात लहान म्हणजे खजुराची बी. मग खारीक. आणि शेवटी सुपारी. गावी ते नेहमी सुपारीएवढंच शिसं वापरायचे. उजव्या हाताने सुपारीचं वजन पेलून गरवता आलं, की त्यांच्या हिशेबाने हात परत आला.

बी-वजनाने सुरुवात झाली. सकाळी भरती-ओहोटीच्या मधल्या शांत पाण्यात जायचं, कारण बी ओढीत टिकत नाही. पहिल्यांदा त्यांनी दोरी बोटांवर घेतलीच नाही, मनगटावर टाकली. मनगटाला थोडं कळतं म्हणाले. पुढे ती दोरी मनगटावरून तळव्यावर आली. तळव्यावर बरेच दिवस मुक्काम. मग खारकेचं वजन आलं. मग एके सकाळी बघते तर दोरी बोटांवर. कोणी सांगितलं नव्हतं, फिजिओच्या बाईने नाही, मी नाही. जिथपर्यंत कळत होतं तिथे दोरी ठेवायची आणि मग थोडं पुढे सरकायचं, हा त्यांचाच शोध. मासे लागत होते का? लागत होते, लहानसहान. निम्मे निसटत होते. ते मला काहीही सांगत नव्हते, पण घरी आल्यावर तांदळाच्या डब्यात हात घालून उगाच तांदूळ चाळवत बसायचे. मी बघून न बघितल्यासारखं करायचे.

आणि मग त्यांनी दावा केला. जेवताना, भाजीची वाटी उजव्या हाताने सरकवत, "माका कळता आता. गरम आसा वाटी."

वाफा निघत होत्या वाटीतून. मी म्हटलं, "ह्या तुमका डोळ्यांनी कळला, बाबा."

"हाताक कळला."

"डोळे मिटून सांगा."

त्यांनी डोळे मिटले. मी थंड पेला लावला. "थंड," म्हणाले. मग गरम वाटी लावली. "गरम." पण मला दिसत होतं की पापण्या पूर्ण मिटलेल्या नाहीत. म्हटलं, लबाडी नको. ते म्हणाले, लबाड तू, करार मोडूक बघतंस. दोघांचाही आवाज चढला. नवरा आपलं ताट घेऊन सरळ हॉलमध्ये गेला.

खरंच, मला कळत नव्हतं की कोण खोटं बोलतंय. त्यांना घरी जायचं होतं, म्हणजे ते कळलं नसतं तरी कळलं म्हणाले असते. मला त्यांना ठेवून घ्यायचं होतं, म्हणजे कळलं असतं तरी मला दिसलं नसतं. बुबुळं हललेली दिसली की काय, हेही मी शपथेवर सांगणार नाही. आणि यात खेळ नव्हता. गावी घरात एकटे, चूल, विळी, होडीवर दोर. हात खोटा असेल तर मी फोनवर काय ऐकणार होते कोण जाणे. हात खरा असेल तर त्यांना इथे डांबून ठेवायचा मला काय अधिकार? जवळपास पंधरवडा मी नीट झोपले नाही.

मग एका शुक्रवारी सुपारीची वजनं ओतायची होती. सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले तर बॅग भरून तयार. नीट, पट्टा लावून, दाराशी उभी करून ठेवलेली. मला न विचारता. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"ह्या काय?"

"तयारी."

मी एक शब्द बोलले नाही. गाडीत बोलले नाही. शुवैखला पोचलो तरी बोलले नाही. तेही रुसून बसले, काठीवर हनुवटी टेकून. वजनं निवडायला मी त्यांच्यापुढे बादली ठेवलीच नाही. सरळ कढईत उपडी केली आणि शेगडी पेटवली. आणि आग? जेवढी होती तेवढी सोडली. नेहमीचं "घाय करू नको" ऐकू येईल असं वाटलं होतं, पण ते आवाराच्या भिंतीकडे तोंड करून बसले होते. कढई खदखदायला लागली. लोखंडाच्या पट्ट्या मी भराभर काढून फेकल्या. मेण टाकलं, ढवळलं, धूर नाकात गेला, शिव्या घातल्या. शिसं आज वेगळंच दिसत होतं, वर खडबडीत साय आल्यासारखं, पण मी कशाला लक्ष देते! पळीने वरवरचं घेतलं आणि साच्यात ओतलं. मग दुसरा साचा, मग तिसरा. त्यानंतर राग जरा ओसरला. कढईत थोडंच उरलं होतं, अगदी तळचं. ते शेवटच्या साच्यात गेलं.

गार झाल्यावर साचे फोडले. एकसारखी सुपाऱ्यांएवढी वजनं. काही जरा खरबरीत, काही गुळगुळीत, पण समुद्रफेसाच्या साच्यात असं होतंच. वरच्या घळीचे तुकडे मी कापून टाकले आणि सगळी फडक्यावर मांडली. मग अबोला कोणी तरी मोडायचा म्हणून एक वजन उचलून त्यांच्याकडे नेलं. "धरा."

त्यांनी उजवा हात पुढे केला. मी वजन तळव्यावर ठेवलं. त्यांनी मूठ वळली आणि भिंतीकडेच बघत राहिले. मग मूठ थोडी वरखाली केली.

"दुसरा दी."

मी दुसरं दिलं, पहिलं काढून घेतलं. पुन्हा मूठ वरखाली.

"पयला दी."

"आता काय खेळ..."

"दी म्हणतंय मां."

मी पहिलं दिलं. त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. "ह्येच्यात शिसा नाय," म्हणाले. "हलका आसा. ह्या जस्त आसा. आग मोठी केलंस तू."

मी हसणारच होते. दोन्ही वजनं एकाच आकाराची, एकाच दिवशीची, एकाच कढईतली. पण मी ती दोन्ही माझ्या हातांत घेतली, एक इकडे, एक तिकडे. एक खरंच हलकं होतं. पळीने वरवरचं घेतलं होतं ना मी! निवडलेलं नाही, आच बारीक नाही, म्हणून जस्त वितळलं होतं आणि वरच राहिलं होतं. शेवटच्या साच्यात तळचं खरं शिसं गेलं होतं. मी ओतणारी, माझे हात धडधाकट, आणि मला ओतताना, फोडताना, मांडताना काहीही कळलं नव्हतं. त्यांच्या हाताला कळलं.

आणि इथे डोळ्यांचा प्रश्नच नव्हता. डोळ्यांना दिसण्यासारखं काही नव्हतंच. कुठलं वजन हलकं हे मलाच माहीत नव्हतं, तर माझ्या तोंडावरून ते ओळखणार कसे?

तरी मी हार मानली नाही. मेली जिद्द म्हणा. म्हटलं, "वजन कळला. गरम-थंड कळता काय?" आणि ओढणी काढून त्यांच्या डोळ्यांवर घट्ट बांधली, मागे दोन गाठी मारल्या. दोन वजनं उचलली. एक भिंतीच्या सावलीत ठेवलं, एक उन्हात, सिमेंटवर. आमचं ऊन एव्हाना तापायला लागलेलं. ते तापेपर्यंत आम्ही वाट बघितली. गॅरेजच्या पत्र्यावर कावळा की कबूतर काहीतरी चालत होतं, तेवढाच आवाज. मग मी सावलीतलं वजन त्यांच्या उजव्या हातात दिलं.

"थंड."

उन्हातलं दिलं.

"ह्या तापला." आणि हसले, ओढणीखाली.

मी अदलाबदल केली, फसवायला सावलीतलंच पुन्हा दिलं, मग उन्हातलं दोनदा. एकदाही चुकले नाहीत. पुढे तर मी त्यांच्या तळव्याला वजन टेकवते न टेकवते तोच ते सांगून मोकळे. करंगळीला लावलं. कळलं. कापल्याच्या वणावर लावलं. कळलं. माझं तोंड बंद झालं. झालं होतं ना मनासारखं? त्या धक्क्यावर मी हेच ठरवलं नव्हतं का? इतका आनंद झाला होता मला की नाचावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी दाराशी उभी केलेली ती बॅग डोळ्यांसमोर आली. रिकामी खोली दिसायला लागली. सकाळी दोनच कप चहा. मी आवाज न करता रडायला लागले. त्यांच्या डोळ्यांवर पट्टी होती, म्हणून बिनधास्त रडले.

"झाला तुझा?" त्यांनी विचारलं.

मी बाहीने गाल पुसत होते, पाणी थांबत नव्हतं.

"चेडवा?"

त्यांनी उजवा हात पुढे केला, मी कुठे आहे ते चाचपायला. तळवा शिशाने काळा झाला होता, हे त्यांच्या लक्षात असावं, कारण त्यांनी हात उलटा केला आणि बोटांच्या मागच्या बाजूने माझा खांदा शोधला, मग मान, मग गाल. तिथे हात थांबला.

"ओलो आसा," ते म्हणाले.

मी तशीच उभी राहिले. हात गालावरून हलला नाही.

"रडा नको," म्हणाले. आणि मग, फार हळू, "आता सांग, कधी धाडतंस माका?"

"पुढच्या आठवड्यात," मी म्हटलं.